डाव्या थैलीतलं सामान

अब्बांच्या फटफटीला दोन थैल्या असायच्या. उजवीकडची बैलांची, डावीकडची गाडीची. अब्बा नालबंद होते, म्हणजे बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकणारे. हे आता समजावून सांगावं लागतं. माझ्या नातवंडांना नाल म्हटलं की घोडा आठवतो, बैलाचं खूर दुभंगलेलं असतं आणि एका पायाला दोन अशा आठ पत्र्या लागतात हे त्यांच्या गावीही नाही. पारोळ्यात आमचं घर होतं, पण अब्बांचं काम घरात बसून होणारं नव्हतं. बैल कुठे पत्र्या मारून घ्यायला दारात येतो? जिथे बैल तिथे नालबंद. आजोबा पायी फिरले, अब्बांनी काही वर्षं सायकल चालवली आणि मग कुणा कंत्राटदाराची जुनी फटफटी घेतली. तेव्हा अख्ख्या मोहल्ल्याने अम्मीला विचारलं होतं, की आता बैलांना पत्र्या मारायला हे फटफटीवर जाणार काय? अम्मी म्हणाली, जाणार, आणि फटफटीला पत्र्या मारायला बैलावरून.

घरात आमची खानदेशी वळणाची हिंदी चालायची. गिऱ्हाइकांशी अब्बा अहिराणी बोलायचे आणि माझी शाळा मराठी. शाळा आठवीनंतर सुटली, पुढचं सगळं मी रद्दीतले कागद वाचून शिकले. पण लिहायला आले ते मराठीतच, म्हणून अब्बा-अम्मीलाही मी इथे मराठीत बोलायला लावते आहे. अब्बांना चाललं असतं. अम्मीने मात्र दोन शब्द सुनावले असते.

सकाळी आमच्या अंगणात दोन आवाज असायचे. एक अब्बांच्या ऐरणीचा, पत्री तापवून ठोकून तिला बाक द्यायचा, आणि दुसरा अम्मीच्या हातावर कळण्याची भाकरी थापली जायची तो. यातला एक आवाज थांबला की दुसऱ्याकडून हाक यायची, झोपलात का म्हणून. कोळशाचा धूर, ज्वारी-उडदाचा खरपूस वास आणि पेट्रोलचा वास असं सगळं मिसळून आमच्या घराचा म्हणून एक वास होता. शाळेत मुली माझ्या ओढणीला नाक लावून सांगायच्या की तुझ्याकडे काल भाकरी होती आणि गाडी उघडली होती. बरोबर असायचं.

उजव्या थैलीचं मला फारसं कुतूहल नव्हतं. हातोडा, खूर तासायची खुरपी, कानस, खिळ्यांचा डबा, बैल पाडायचा दोर. रोज दिसणाऱ्या वस्तू. डावी थैली मात्र बंद असायची. जाड कॅनव्हासची, तोंडाला चामडी पट्टा, आणि आत एकेका वस्तूला जुन्या कपड्याची वेगळी पुरचुंडी. अब्बा ती महिन्यातून एकदा अंगणात उलगडायचे. मी हात मागे बांधून बसायचे, कारण तीच अट होती. बघ, पण हात नको. दहा-बाराचा पाना, चौदा-पंधराचा पाना, प्लग उघडायचा नळीसारखा पाना, पक्कड, पेचकस. टायर काढायच्या दोन पट्ट्या. पंक्चरचे तुकडे, सोल्युशनची नळी आणि खरवडायला कानशीचा तुकडा. चेनचं एक लॉक. कापसात गुंडाळलेला हेडलाइटचा बल्ब, त्याला अब्बा अंड्यासारखं धरायचे. दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा, तो कशासाठी म्हणून मी विचारलं तर म्हणाले, ठिणगीचा करंट तोडणाऱ्या पॉइंटच्या फटीत एवढं पातं सैल जावं, मग फट बरोबर. आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी. ती मला कितीतरी दिवस हात धुवायची वाटत होती. पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडलं तर ओला साबण चोळून दाबायचा, पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, घर गाठेपर्यंत टिकतो. हे मी आजही माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगते आणि ती हसतात. हसू देत. ज्याची टाकी गळेल त्याला आठवेल.

क्लचची जादा वायर थैलीत नसायची. ती अब्बांनी चालू वायरीच्या शेजारूनच हँडलपासून खालपर्यंत ओवून ठेवली होती, दोन्ही टोकं मोकळी. चालू वायर तुटली की टोकं अडकवायची आणि निघायचं. अम्मी त्या वायरीला सवत म्हणायची. पहिली अजून धडधाकट आहे, म्हणायची, आणि हिला आधीच शेजारी आणून बसवलंय, वाट बघत. अब्बा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि आणखी एका ठिकाणी रबराचा तुकडा बांधायचे.

आता त्या थैलीचा नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. अब्बा नवीन वस्तू कधीही थैलीत टाकत नसत. नवा प्लग आणला की तो गाडीला बसवायचे, आणि गाडीतला चालता, चांगला प्लग काढून थैलीत ठेवायचे. पॉइंटचंही तसंच, चेनच्या लॉकचंही. मला हे उलटं वाटायचं. सणाला आपण नवं घालतो आणि जुनं घरात वापरतो, मग इथे प्रवासाला जुनं का? एकदा विचारलं. म्हणाले, नव्या वस्तूचं मला काय माहीत? दुकानदाराचा शब्द माहीत. ती कामाची निघाली नाही तर मला कुठे कळावं, घराच्या दारात की मुकटी गावाच्या पुढे रस्त्यावर उन्हात? थैलीतली प्रत्येक वस्तू माझ्या गाडीला चालून आलेली आहे. ती वस्तू मी काढली तेव्हा गाडी चालू होती. म्हणून गाडी बंद पडली तर मी गाडीवर शंका घेतो, थैलीवर नाही.

धुळ्याच्या माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात, जे आता सून बघते, हल्ली मोठाल्या गाड्यांवरून डोंगरात जाणारी माणसं येतात. गाडीला तीन-तीन पेट्या, सगळं सामान कोरं, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. मी गल्ल्यामागून म्हणते, बाबांनो, हे आठ दिवस गाडीला लावून चालवा आणि मग बांधा. सून मला डोळ्यांनी गप्प करते. पण एक जण परत येऊन सांगून गेला की काकी, नवीन केबल अर्धी वीत आखूड निघाली, बरं झालं घरीच कळलं. त्या दिवशी मी सुनेकडे बघितलं, ती हिशेबाच्या वहीत बघत होती.

तर मी चौदा वर्षांची असेन. अम्मी धाकट्या दोघांना घेऊन पाचोऱ्याला माझ्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, बाळंतपणाला गेली होती. घरात मी आणि अब्बा. दुपारी अब्बा नमाजला गेले, तिथून कुणाकडे बसायला. डावी थैली खुंटीला होती. मी हात मागे बांधून तिच्यासमोर किती वेळ उभी राहिले असेन, आणि मग बांधलेले हात सुटले.

मला चोरायचं काही नव्हतं. मला वाचायचं होतं. त्या वस्तूंवर काहीतरी लिहिलेलं असतं हे मी लांबून पाहिलं होतं. पान्यांवर आकडे होते ते दिसायचे, पण प्लगवर, पॉइंटच्या पट्टीवर, आणि त्या एका इवल्याशा डबीवर बारीक अक्षरं होती आणि वरून काळं ग्रीस. ती डबी म्हणजे कंडेन्सर. मोठ्या शेंगदाण्याएवढी पत्र्याची डबी, तिच्या एका टोकातून एक वायर निघालेली. ती काय करते हे मला अब्बांनी दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा समजलं नव्हतं, म्हणून तिच्यावर काय लिहिलंय ते वाचावंसं फार वाटायचं. कपड्याने पुसलं तर काळं पसरलं, अक्षरं आणखी बुजली. मग मी जे आमच्या घरात कुठल्याही काळ्या वस्तूचं करायचे तेच केलं. अम्मीचं कपडे उकळायचं पातेलं चुलीवर ठेवलं, मूठभर सोडा टाकला आणि डाव्या थैलीतलं सगळं लोखंड त्यात सोडलं.

अक्षरं निघाली, काय सांगू. एकेक वस्तू काडीने बाहेर काढत होते आणि ती बोलायला लागत होती. प्लगच्या पांढऱ्या मातीवर निळं नाव. पॉइंटच्या पट्टीवर एक आकडा आणि परक्या देशाचं नाव, तो देश मी भूगोलाच्या पुस्तकात रंगवला होता. कंडेन्सरवर एक आडवी रेघ, दोन उभ्या रेघा आणि खाली सुईने कोरल्यासारखे आकडे. मी सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. मग वस्तू सुपात पसरून उन्हात वाळवल्या. आणि वाळल्यावर बघते तर त्या चकाकत होत्या. ईदच्या आदल्या दिवशी अम्मीची भांडी चकाकतात तशा. अब्बांनी पुरचुंडी सोडली की पहिल्या नजरेत कळणार.

मग मी दुसरं केलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. शेंगदाण्याच्या तेलात चुलीची काजळी कालवली आणि बोटाने एकेक वस्तू पुन्हा काळी केली. अगदी अब्बांच्या ग्रीससारखी. पुरचुंड्या जशाच्या तशा बांधल्या, थैली खुंटीला लावली आणि हात तीनदा धुतले.

त्यानंतर चौथ्या दिवशी सोनगीरचं काम निघालं. सोनगीरच्या जरा अलीकडे, हमरस्त्यापासून आत एक मोठं बागायती गाव होतं, तिथल्या एका नानांनी अब्बांना निरोप पाठवला होता. कापूस निघाला होता, गाड्या जिनिंगला जाणार होत्या, गावातल्या सगळ्या जोड्यांना पत्र्या मारायच्या होत्या. त्या गावाची एक रीत होती. बोलावणं ते दोन-तीन नालबंदांना धाडायचे, आणि ज्याचा दोर पहिल्या बैलावर पडेल, म्हणजे पहिला बैल जो खाली पाडेल, गाव त्या हंगामापुरतं त्याचं. दुसऱ्याने मग त्या गावात हातोडा काढायचा नाही. अब्बांसाठी ते गाव फार होतं. आमच्या बाजूला ट्रॅक्टर यायला लागले होते, बाजाराला एक-एक जोडी कमी व्हायची, आणि तेवढं एक गाव हाताला लागलं असतं तर पावसाळ्यापर्यंत अब्बांना लांबचे बाजार करत फिरायची गरज नव्हती. आदल्या रात्री ते जेवतानाही पत्र्या मोजत होते. मला एकटीला घरी ठेवणं बरं नव्हतं म्हणून म्हणाले, नज्जो, तूही चल, खिळे हातात देशील.

मी त्याआधी फटफटीवर पारोळ्याबाहेर गेले नव्हते. अजून उजाडत होतं, थंडी होती, मी अब्बांच्या पाठीला चिकटून, मांडीवर भाकरीचं फडकं आणि खांद्याला पाण्याची बाटली. अब्बा ओरडून ओरडून रस्ता सांगत होते, कुठला ओढा, कुठे त्यांची चेन तुटली होती, कुठल्या बाभळीखाली त्यांनी दोन तास काढून टायर जोडला होता. सगळा रस्ता त्यांना बिघाडांनी पाठ होता. धुळं ओलांडलं तेव्हा ऊन वर येत होतं. अब्बा म्हणाले, वेळेत आहोत. आणि तिथून पुढे थोड्याच वेळात गाडी खोकायला लागली.

रस्त्याकडेला निंब होता, तिथपर्यंत तिला ढकलत नेलं. अब्बा मुळीच घाबरले नव्हते. उलट मला वाटलं, मला दाखवायला मिळतंय म्हणून त्यांना जरा बरंच वाटत होतं. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली, म्हणाले, बघ, ठिणगी पिवळी आहे, निळी पाहिजे. पॉइंट उघडला, तो जळून काळा झाला होता. पॉलिश पेपरने घासला, पात्याने फट मापली, गाडी सुरू झाली, दोन मिनिटं चालली आणि पुन्हा मेली. तेव्हा त्यांनी बोट वर केलं आणि शाळेतल्या गुरुजींसारखं म्हणाले की कंडेन्सर. तापला की जीव सोडतो. आपल्याकडे आहे.

त्यांनी पुरचुंडी सोडली. माझ्याकडे पाठ होती, म्हणून माझं तोंड त्यांना दिसलं नाही. त्यांनी ती डबी बोटात फिरवली, वास घेतल्यासारखं वाटलं मला, पण नसेल घेतला. गाडीतला कंडेन्सर काढून खिशात टाकला, थैलीतला बसवला, किक मारली. आता पिवळी ठिणगीही येईना. काहीच येईना.

माणसाला इथे काय वाटावं? मला वाटलं आता त्यांना कळणार. पण त्यांना कळलं नाही, कारण थैलीवर शंका घ्यायची त्यांना सवयच नव्हती. ते म्हणाले, म्हणजे कंडेन्सर नव्हताच. दुसरंच काही आहे. आणि त्यांनी सीट काढली. टाकी सैल केली. एकेक वायर बोटाने चाचपत गेले, कुठे घासली का, कुठे तुटली का. कॉइल काढून बघितली. बटणाच्या वायरी सोडल्या. फडक्यावर गाडी हळूहळू पसरत चालली होती आणि ऊन सरकत होतं. एक एसटी धुरळा उडवून गेली. मी खिळ्यांचा डबा छातीशी धरून बसले होते. बोलावं की नाही असा विचारसुद्धा मी करत नव्हते, मी फक्त दर वेळी स्वतःला सांगत होते की आता ही एक वायर बघून होऊ दे, कदाचित त्यातच असेल. मला अजून ते आठवतं आणि अजून स्वतःचा राग येतो. सोड्यात उकळल्याचा नाही येत. त्याचा येतो.

शेवटी त्यांनी इंजिनाच्या कडेची मोठी प्लेट उघडायला पाना लावला. ती प्लेट त्यांनी कधी रस्त्यावर उघडली नव्हती, ते मला माहीत होतं, आत बारीक स्प्रिंगा होत्या. त्यांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. पहिल्यांदाच ते सूर्याकडे बघत होते.

"अब्बा, ती डबी मी धुतली आहे," मी म्हणाले.

पाना तसाच राहिला. "कुठली डबी?"

"थैलीतली. सगळं धुतलं. आणि मग वरून काजळी लावली."

मला वाटलं आता पाना माझ्या अंगावर येणार. अब्बा माझ्यावर हात टाकत नसत, पण मला तसं वाटलं. ते उकिडवे बसले आणि माझ्याकडे बघू लागले, कुणी नवीन माणूस बघावा तसे. मग त्यांनी जे विचारायला सुरुवात केली ते मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

"पाणी गरम होतं?"

"उकळत होतं."

"किती वेळ?"

"भात होतो तेवढा."

"सोडा?"

"मूठभर."

"पॉइंट? प्लग? चेनचं लॉक?"

प्रत्येकाला मी हो म्हणत गेले.

"साबणाची वडी?"

"ती नाही."

"तेवढीच राहिली," अब्बा म्हणाले, अगदी साध्या आवाजात, आणि कंडेन्सर काढून दगडावर ठेवला. खिशातल्या चाकूने त्याची डबी कापली. आत पातळ कागद आणि चांदीसारखी पट्टी एकमेकांत गुंडाळलेली होती, आणि ती ओली होती. चार दिवसांनीही ओली. आम्ही दोघं डोकं डोक्याला लावून ती बघत बसलो. दोनदा सांगून जे मला समजलं नव्हतं ते त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, त्या उलगडलेल्या कागदावर चाकूच्या टोकाने, आणि मला समजलं, कागद कोरडा असला तरच डबी वीज धरते आणि ठिणगी निळी पडते. गाव निसटत होतं आणि आम्ही कंडेन्सर वाचत होतो.

मग त्यांचे हात भराभर चालले. गाडी जोडली. खिशातला आधीचा कंडेन्सर, तापला की मरणारा, तो आता गार झाला होता. तो त्यांनी इंजिनात बसवलाच नाही. इंजिनापासून लांब, टाकीखालच्या नळीला तारेने घट्ट आवळला, वायरीचा तुकडा जोडून पॉइंटपर्यंत नेला आणि डबीभोवती ओलं फडकं गुंडाळलं. मला म्हणाले, फडकं सुकू द्यायचं नाही, आणि वायरीच्या टोकावर पाणी पडू द्यायचं नाही. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. उरलेला रस्ता मी एका हाताने अब्बांच्या सदऱ्याला धरून, दुसरा हात त्यांच्या गुडघ्याजवळून पुढे घालून, बाटलीचं पाणी थेंब-थेंब सोडत गेले. सोनगीरचा किल्ला समोर दिसायला लागला, तरी मी मान वर करून तो नीट बघितला नाही.

आम्ही गावात शिरलो तेव्हा चौकातल्या चिंचेखाली बैल पडलेला होता आणि शिरपूरकडचे एक म्हातारे नालबंद त्याच्या खुराशी बसले होते. त्यांची सायकल पाराला टेकलेली. तिसरा की चौथा बैल होता तो. नाना पारावरून उठून आले, मोठे, पांढऱ्या मिशीचे. "भलता उशीर कया रे मिस्तरी. तू त म्हने, मन्ही गाडी कधी थांबस नही." फार उशीर केलास, तू तर म्हणायचास माझी गाडी कधी थांबत नाही.

"थांबनी आज, नाना," अब्बा म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

अब्बांनी उजवी थैली गाडीवरून उतरवलीच नाही. मात्र ते त्या म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसले आणि त्यांचं काम बघू लागले. त्या चाचांची खिळा मारायची तऱ्हा वेगळी होती, अब्बा वाकून वाकून बघत होते, हा तिरका का घेतला, हा वरून का मुरडला. चाचाही सांगत होते. नानांच्या घरून आम्हा सगळ्यांना भरीत-भाकरी आली, हिरव्या मिरचीचं, वरून कच्चं तेल. मी भाकरीचा तुकडा नुसता मोडत बसले. तेवढ्यात नानांच्या घरची एक बाई मला ताट वाढता वाढता म्हणाली, "हाऊ बाबा त कालदिसच येल शे. आमना वट्टावर झोपेल व्हता. उजाडताच बैल पाडा त्यानी." हा म्हातारा कालच आला होता. आमच्या ओट्यावर झोपला होता. उजाडताच त्याने बैल पाडला.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. भाकरी गोड लागायला लागली. आम्ही वेळेत पोहोचलो असतो तरी गाव गेलंच होतं. आम्ही पारोळ्यात गाडीला किक मारली तेव्हाच गेलं होतं. मी ताट संपवलं, वर आणखी भरीत मागून घेतलं.

परतीला फाट्यावर फडकं ओलं करायला थांबलो तेव्हा मी अब्बांना ते सांगितलं. फार आनंदाने सांगितलं असणार, मला माझा आवाज अजून आठवतो. म्हटलं, चाचा कालच आले होते, त्यामुळे माझ्यामुळे काही झालं नाही.

अब्बा फडकं पिळत होते. "मला माहीत आहे," म्हणाले. "त्यांनीच सांगितलं. गाव गेलं ते त्यांच्यामुळे. पुढच्या खेपेला मीही आदल्या दिवशी येऊन झोपेन." फडकं डबीभोवती गुंडाळून झालं, तरी ते उठले नाहीत. "पण मी निंबाखाली टाकी खोलली, कॉइल काढली, वायरी सोडल्या. अर्धा-पाऊण तास. तू बघत होतीस."

मी बाटलीचं बूच आवळत राहिले.

"धुतलंस त्याचं काही नाही. बघावंसं वाटलं, बघितलंस. मीही आज कापून बघितलं. पण थैलीत काय मेलंय हे तुला माहीत होतं आणि मला नाही, आणि तू मला खोलू दिलंस."

एवढंच. ते मोठ्याने बोललेच नव्हते. धुळ्यात त्यांनी नवा कंडेन्सर घेतला, दुकानाच्या दारातच गाडीला बसवला, आणि घरापर्यंत आम्ही रस्त्यातले बिघाड मोजत गेलो नाही. मला खात्री होती की आता मला पुन्हा कधी नेणार नाहीत, आणि डावी थैली माझ्यासमोर उघडणारही नाहीत. रात्री मी वहीचं मागचं पान फाडलं. मग ते फेकायचं होईना, म्हणून पुन्हा वहीतच ठेवलं.

सकाळी ऐरणीचा आवाज आला तेव्हा मी भाकरी थापायला बसले, अम्मी अजून पाचोऱ्यालाच होती. अब्बांनी हाक मारली. अंगणात फटफटी स्टँडवर उभी होती आणि तिच्याशेजारी पोत्यावर डाव्या थैलीतल्या वस्तू ओळीने मांडल्या होत्या, काजळी पुसलेल्या, चकाकत्या. प्लग, पॉइंट, चेनचं लॉक, सगळं. प्लगचा पाना माझ्या हातात दिला. म्हणाले, यातलं काय जिवंत आहे मला आता माहीत नाही. तू एकेक गाडीला बसव, गाडी सुरू करून बघ आणि जे चालेल ते थैलीत टाक. आणि ते माझ्याकडे पाठ करून ऐरणीपाशी जाऊन बसले.

पाना माझ्या हातात फिरेना. प्लग निघाला तेव्हा बोटाचं साल निघालं होतं. धुतलेला प्लग आधी वाकडा बसला, पुन्हा काढला, पुन्हा बसवला. किकवर मी पूर्ण उभी राहिले तरी ती खाली जाईना, माझं वजनच तेवढं नव्हतं. मी उडी मारून तिच्यावर पाय दिला. ती उलटी आली आणि नडगीवर लागली, डोळ्यांत पाणी आलं. अब्बांचा हातोडा चालू होता, एकसारखा, थांबत नव्हता. मी किती किका मारल्या ते मोजलं नाही. शेजारची खिडकी उघडली, कुणीतरी बघितलं, पुन्हा लावली. आणि मग एकदा इंजिन फुरफुरलं, धूर आला, आणि गाडी चालू झाली. अंगणभर तिचा आवाज भरला. मी हँडल घट्ट धरून अब्बांकडे बघितलं.

त्यांनी मान वळवली नाही. हातोडा फक्त एक ठोका थांबला.

"पुढचं," ते म्हणाले.